नव्या घराचा पहिला पावसाळा

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: पुण्यात विश्रांतवाडीला भाड्याने राहणाऱ्या एका वाचक भगिनीने वाघोलीत दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला आहे. इमारत २२ मजल्यांची, फ्लॅट चौदाव्या मजल्यावर. ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) अजून आलेली नाही, पण बिल्डर म्हणतो, ‘वीस-पंचवीस दिवसांत येईल, तोवर फर्निचरसाठी किल्ली घ्या.’ यजमानांना पाडव्यालाच गृहप्रवेश करायचा आहे, कारण महिन्याला २४,००० रुपये भाडं आणि वर कर्जाचा हप्ता, असा दुहेरी भार चालू आहे. सासूबाई ७२ वर्षांच्या, त्यांना दमा आहे. त्या म्हणतात, नव्या घरात पहिला पावसाळा काढू नये. वाचक भगिनींचा स्वतःचा विचार असा की घर नवं कोरं आहे, दहा वर्षं तरी काही निघणार नाही, तेव्हा नऊ लाख खर्चून फर्निचर, फॉल्स सीलिंग, वॉलपेपर असं सगळं एकदाच करून मगच राहायला जावं. मुलगी जूनमध्ये आठवीत जाईल. भाडेकरार मेअखेर संपतो. त्यातच दीर म्हणतात, ‘एवढ्या पैशांत विश्रांतवाडीतच जुना, मोठा फ्लॅट आला असता.’ काय करावं?

उत्तर:

ओसीपासूनच सुरुवात करते, कारण तुमच्या पत्रात तिला एकच ओळ मिळाली आहे आणि सगळं गणित तिच्यावर अडलेलं आहे. भोगवटा प्रमाणपत्र देण्याआधी बांधकामाला परवानगी देणारी सरकारी यंत्रणा इमारत मंजूर नकाशाप्रमाणे बांधली आहे का ते पाहते. अग्निशमन दलाचा अंतिम दाखला, लिफ्टचा परवाना, सांडपाण्याची सोय यांची कागदपत्रं मागते. ओसी अडली आहे याचा अर्थ यांतलं काहीतरी अडलं आहे. फाइल नुसती टेबलावर पडून असेल, हेही शक्य आहे. पण बावीस मजली इमारतीत अग्निशमनाचा दाखला बाकी असेल आणि तुम्ही चौदाव्या मजल्यावर झोपणार असाल, तर तो ‘फक्त कागद’ उरत नाही. म्हणून बिल्डरला तारीख विचारू नका. कोणता दाखला बाकी आहे, हे ईमेलवर विचारा. उत्तर आलं नाही, तरी बरंच काही कळेल.

महाराष्ट्रात १९६३ चा फ्लॅट मालकी कायदा आहे, ज्याला सगळे मोफा म्हणतात. त्याच्या कलम ३ नुसार पूर्णत्वाचं प्रमाणपत्र मिळण्याआधी बिल्डरने ताबा देऊ नये आणि फ्लॅटधारकानेही घेऊ नये. हा दुसरा भाग फार जणांना माहीत नसतो. ‘फर्निचरसाठी किल्ली’ हा बिल्डरांनी काढलेला मधला मार्ग आहे. कायद्यात असा वेगळा ताबा नाही. त्या किल्लीबरोबर एक पत्र सहीला येतं. त्यात बहुधा एक ओळ असते: ‘सदनिकेची पाहणी केली असून कामाबाबत कोणतीही तक्रार नाही.’ पुढे भिंत ओली झाली की हीच ओळ तुमच्यासमोर धरली जाते. पाडव्याला घरी जाऊन कलश मांडायला, नारळ फोडायला, दूध उतू घालायला कोणी अडवणार नाही. बिल्डरकडून दोन तासांसाठी दार उघडून घ्या, पूजा करा, घरी या. त्या दिवशी कुठेही सही करू नका.

ओसी आल्यावर मात्र उलटी घाई असते. रेरा (स्थावर संपदा नियमन) कायदा, २०१६ च्या कलम १९ नुसार ओसीनंतर दोन महिन्यांत ताबा घ्यायचा असतो, आणि तुमच्या करारनाम्यात बिल्डरचं पत्र आल्यापासून पंधरा दिवसांची मुदतही लिहिलेली असू शकते. ती आजच काढून वाचा. ताबा घेणं आणि राहायला जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सासूबाईंचं म्हणणं मानून पावसाळ्यानंतर राहायला जायचं ठरवलंत, तरी ताबा वेळेत घ्यावाच लागेल.

आता सासूबाईंच्या म्हणण्याकडे येऊ. तुमच्या पत्रात त्या जुन्या वळणाच्या वाटतात, पण त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. विटकाम, गिलावा, काँक्रीट, टाइल्सखालचा मसाला, सगळ्यात पाणी घातलेलं असतं, वरून क्युरिंगचं पाणी मारलेलं असतं. त्यातलं काही सिमेंटशी कायमचं बांधलं जातं, उरलेलं भिंतींतून हळूहळू हवेत जातं. याला महिने लागतात, आणि बंद घरात त्याहून जास्त. वाळताना हे पाणी भिंतीतले क्षार पृष्ठभागावर आणून सोडतं, तोच पांढरा लोणा. भिंत पुरती वाळायच्या आत बाहेरून पाऊस लागला, की आतली ओल आणि बाहेरची ओल वेगळी ओळखणंसुद्धा कठीण होतं. ओलसर भिंतीवर बुरशी धरते, आणि बुरशी दम्याच्या माणसाला सोसत नाही. त्यात भर म्हणजे नवा प्लायवूड, एमडीएफ, पार्टिकल बोर्ड यांच्या गोंदातून फॉर्माल्डिहाइड वायू सुटत राहतो. उष्णता आणि दमटपणा वाढला की तो जास्त सुटतो.

भिंत वाळली का, हे घरच्या घरी पाहता येतं. दीड फूट बाय दीड फूट जाड पारदर्शक प्लॅस्टिक घ्या, चारही कडा चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट बंद करा आणि चोवीस तास ठेवा. प्लॅस्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले किंवा भिंतीचा तेवढा तुकडा गडद झाला, तर पाणी भिंतीतून येतंय. थेंब खोलीकडच्या बाजूला असतील, तर खोलीची हवाच दमट आहे. प्रत्येक बाहेरच्या भिंतीवर एक, बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीवर एक, असं करून बघा. पुण्यात पावसाळी वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो. त्या बाजूच्या भिंती आणि खिडक्या सगळ्यात जास्त मार खातात, आणि चौदाव्या मजल्यावर पाऊस आडवाच येतो म्हणायचा. सासूबाईंची खोली निवडताना मुलीला कोणती आवडली हे नंतर बघा. आधी कोणत्या खोलीला पश्चिमेची भिंत कमी आहे ते बघा.

‘दहा वर्षं काही निघणार नाही’ हे तुमचं गृहीतक मला पटत नाही. जुन्या घराची दुखणी माहीत असतात, नव्याची बाहेर यायची असतात. पहिला उन्हाळा आणि पहिला पावसाळा होईपर्यंत इमारत बसत असते, आकसत असते, आणि दोष दिसायला सुरुवात होते ती याच काळात. सगळे दोष गंभीर नसतात. खांब आणि भिंत मिळतात तिथे उभी, किंवा तुळईच्या खाली आडवी केसासारखी भेग जवळपास प्रत्येक नव्या इमारतीत येते, कारण काँक्रीट आणि ब्लॉकचं बांधकाम वेगवेगळ्या प्रमाणात आकसतं. गिलाव्याआधी त्या सांध्यावर कोंबडी जाळी मारलेली असली, की ती कमी येते. एक मिलिमीटरपेक्षा बारीक भेग असेल, तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा आणि सोडून द्या. दोन-तीन महिन्यांनी ती खुणेपलीकडे गेली का बघा. दोन मिलिमीटरपेक्षा रुंद, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चढत जाणारी, किंवा भिंतीच्या दोन्ही बाजूंनी दिसणारी भेग असेल तर लगेच लेखी तक्रार करा. भेग खांबात किंवा तुळईतच असेल, तर बिल्डरच्या साइट इंजिनिअरच्या आश्वासनावर थांबू नका, स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. बारीक भेगा भरायची घाई करू नका. एक उन्हाळा, एक पावसाळा गेल्यावर त्या इंग्रजी व्ही आकारात थोड्या मोकळ्या करून पॉलिमरचा मसाला किंवा अ‍ॅक्रिलिक फिलर भरतात. आधी भरलेल्या शेजारून पुन्हा फुटतात.

आणि म्हणूनच ते नऊ लाख.

फॉल्स सीलिंग स्लॅबची ओल झाकतं. वॉलपेपर भिंतीची भेग झाकतो आणि तिला वाळूही देत नाही. त्यामागे काळी बुरशी धरते. भिंतीला चिकटवलेलं वॉर्डरोब बाहेरच्या भिंतीची ओल प्लायवूडमध्ये ओढून घेतं. मग दोष दुरुस्त करायला बिल्डरचा माणूस आला, की ‘आधी तुमचं फर्निचर काढा’ म्हणतो, आणि त्याच्या बाजूने ते बरोबरही असतं. त्याहून मोठी गोष्ट: रेराच्या कलम १४ नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा किंवा कामाच्या दर्जाचा दोष निघाला, तर तो तुम्ही कळवल्यापासून तीस दिवसांत बिल्डरने फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. पण तुमच्या सुताराने बाथरूमच्या टाइल्स फोडल्या, प्लंबरने लाइन हलवली, की ‘दोष आमचा नाही, तुमच्या कामाचा’ असं म्हणायला वाव मिळतो. बहुतेक करारनाम्यांत तसं कलमच असतं. पहिल्या वर्षी बाथरूमला हात लावू नका, हा माझा ठाम सल्ला. बिल्डरने दिलेल्या टाइल्स आवडल्या नाहीत, तरी.

मग काय करावं? स्वयंपाकघराच्या ओट्याखालचं काम, गॅस, पाण्याचा फिल्टर, झोपायला पलंग, खिडक्यांना जाळ्या आणि पडदे, बाल्कनीला सुरक्षा. दोन सुटी कपाटं, भिंतीपासून चार बोटं पुढे. एवढ्यावर दिवाळीपर्यंत घर चालतं. ओट्याखाली आणि सिंकजवळ आयएस ७१० चा शिक्का असलेला बीडब्ल्यूपी (पाण्याला टिकणारा) प्लायवूडच घ्या. शिक्का प्रत्यक्ष फळीवर बघा, बिलावर नव्हे. तयार मॉड्युलर घेणार असाल, तर बोर्ड फॉर्माल्डिहाइडच्या ई-१ किंवा त्याहून कमी उत्सर्जनाचा आहे हे विक्रेत्याकडून लिहून घ्या. सुतारकाम झाल्यावर किमान दोन आठवडे कपाटांची दारं आणि ड्रॉवर उघडे, खिडक्या समोरासमोर उघड्या. एप्रिल-मेचा उन्हाळा यासाठी उत्तम, कारण उष्णतेने वायू लवकर सुटतो आणि वाऱ्याने बाहेर जातो. वास येतो म्हणून खोली बंद करून धूप-उदबत्ती लावणं सगळ्यात वाईट, दमा असलेल्या घरात तर नकोच.

रंगाचंही तसंच. बिल्डरचा रंग साधा असतो, हात लावला की पांढरा होतो. तरी पहिलं वर्ष तोच राहू द्या. भिंती श्वास घेतील, ओल आली तर लगेच दिसेल. चांगला रंग डिसेंबर ते फेब्रुवारीत, भेगा भरून मग.

ताबा घेण्याआधीची बहुतेक पाहणी एका सकाळीत होते. बिल्डरच्या माणसाला बरोबर राहू दे, पण त्याच्या घाईने पुढे सरकू नका. बरोबर टेप, टॉर्च, एक गोटी, जाड नाणं, थ्री-पिन टेस्टर, मास्किंग टेप आणि बादली न्या. नाण्याने प्रत्येक टाइलच्या चार कोपऱ्यांवर आणि मध्ये हलकं ठोका. पोकळ आवाज आला, तर खाली मसाला भरलेला नाही. अशी टाइल पुढे तडकते किंवा उचलते. बाथरूममध्ये गोटी सोडा आणि पाणी ओता. सगळं पाणी नहाणी ट्रॅपकडे गेलं पाहिजे, कोपऱ्यात तळं राहता कामा नये. मग खरी चाचणी: ट्रॅपचं तोंड बंद करून फरशीवर इंचभर पाणी चोवीस तास भरून ठेवायला सांगा आणि दुसऱ्या दिवशी खालच्या तेराव्या मजल्यावरच्या बाथरूमचं छत बघा. खालच्या फ्लॅटचं फॉल्स सीलिंग व्हायच्या आत हे करणं त्यांच्याही सोयीचं आहे. पंधराव्या मजल्यावरच्यांनीही हीच चाचणी करावी म्हणून त्यांच्याशी आताच ओळख काढा, कारण त्यांची गळती तुमच्या डोक्यावर येणार आहे.

प्रत्येक ड्रेनेजमध्ये पूर्ण बादली एकदम ओता. नव्या इमारतीत पाइप तुंबायचं मुख्य कारण सांडपाणी नसतंच. सिमेंटची स्लरी, टाइलचे तुकडे, आणि वरच्या मजल्यावरच्या पीओपीवाल्याने धुऊन सोडलेली बादली. पीओपी पाइपमध्ये जाऊन दगड होतं. स्वतःच्या कामगारांनाही बजावा: हत्यारं-बादल्या धुतल्याचं पाणी संडासात नाही, पोत्यात गाळून खाली. आणि फ्लॅट बंद ठेवणार असाल, तर दर पंधरा दिवसांनी प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी घाला. ट्रॅपमधलं पाणी उडून गेलं की दुर्गंधी आणि झुरळं थेट घरात येतात.

खिडकीच्या अ‍ॅल्युमिनियम पट्टीच्या खालच्या कडेला पाणी बाहेर जाण्यासाठी बारीक भोकं असतात. गिलावा आणि रंगाने ती हमखास बुजलेली असतात. सुईने मोकळी करून घ्या. चौकट आणि भिंत यांच्यामधली फट बाहेरून सिलिकॉनने भरली आहे का, खिडकीचा कट्टा बाहेरच्या बाजूला उतरता आहे का, हे दोन्ही बघा. पहिल्या पावसात घरात येणारं पाणी बहुतेकदा इथूनच येतं आणि दोष भिंतीला दिला जातो.

वीज: डीबीमधल्या (घरातल्या विजेच्या मुख्य पेटीतल्या) आरसीसीबीवर, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचवर, ‘टी’ लिहिलेलं बटण असतं. ते दाबलं की पुरवठा ताबडतोब तुटला पाहिजे. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा, तो आकडा वर छापलेला असतो. टेस्टर प्रत्येक सॉकेटला लावून अर्थिंग आहे का बघा. शिवाय मीटर तुमच्या नावाचा कायमस्वरूपी आहे, की बांधकामाच्या तात्पुरत्या जोडणीवर इमारत चालली आहे? तात्पुरत्या जोडणीचा दर महाग असतो आणि सगळ्या इमारतीचा भार तिला झेपत नाही. ओसीआधी राहायला गेलेल्यांची ही नेहमीची रड आहे.

सांडपाणी शुद्ध करून फ्लशला वापरणाऱ्या इमारतीत पाण्याच्या दोन स्वतंत्र लाइन असतात. प्लंबरच्या हातून त्या क्वचित एकमेकींत जोडल्या जातात. फ्लशच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद करून सगळे नळ सोडा: नळ चालले पाहिजेत, टाकी भरता कामा नये. मग उलट करून बघा. पाच मिनिटांचं काम आहे, टाळू नका.

मापही घ्या. रेराचं कार्पेट म्हणजे घरातलं वापरायचं क्षेत्र आणि आतल्या भिंती. बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी त्यात येत नाहीत. महाराष्ट्रातल्या नमुना करारनाम्यात तीन टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो.

जिथे दोष तिथे मास्किंग टेपचा तुकडा, त्यावर आकडा, त्याचा फोटो, आणि त्याच आकड्याने यादी. ही यादी ईमेलने पाठवा आणि ताब्याच्या पत्रावर ‘सोबतच्या यादीतील त्रुटींच्या अधीन राहून’ असं स्वतःच्या अक्षरात लिहून सही करा. बिल्डर तसं लिहू देत नसेल, तर त्याच दिवशी वेगळं पत्र पाठवा आणि पोच घ्या.

तुमच्या दिरांचं बोलणंही उडवून लावण्यासारखं नाही. जुन्या सोसायटीत खोल्या मोठ्या असतात, पाणी-रस्त्याचा अंदाज असतो, शेजार ठरलेला असतो, सोसायटी नोंदलेली असते. पण तिथे जमिनीचं कन्व्हेयन्स झालंय का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आली आहे का, हे बघावंच लागतं. गंजलेले जीआय (लोखंडी) पाइप, एसीचा भार न पेलणारी वायरिंग, गच्चीवरचा फुटलेला कोबा हा खर्च तुमच्याच खिशातून, त्याला पाच वर्षांची हमी कोणी देत नाही. नव्या घरात अर्थिंग नीट असतं, पाइप गंजत नाहीत, भूकंपाचे निकष नवे असतात. सासूबाईंचं वय लक्षात घेता लिफ्ट ही मोठी सोय, पण चौदाव्या मजल्यावर तीच मोठी जोखीमही. जनरेटरवर किती लिफ्ट चालतात, आणि फर्निचरचं सामान कोणत्या लिफ्टने जातं, ते विचारा. पहिली दोन वर्षं लिफ्टमध्ये प्लायवूड आणि माणसं एकत्र प्रवास करतात, आणि लिफ्ट बऱ्याचदा बिघडतात त्या त्यामुळेच.

वाघोलीच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त काळजी पाण्याची वाटते. गाव २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आलं, तरी टँकरचे दिवस संपलेले नाहीत. हिशेब करा: माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात, म्हणजे चौघांच्या घराला ५४०. तुमच्या इमारतीत मजल्याला आठ फ्लॅट धरले, तर १७६ घरं आणि रोज सुमारे ९५,००० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे नऊ-दहा टँकर. आता तिथे तीसच कुटुंबं राहतात असं समजा: त्यांना दोन टँकरही पुष्कळ होतात, आणि ते बिल्डर तुमच्याच आगाऊ देखभाल खर्चातून आणतो. त्यामुळे पहिल्या वर्षी ‘पाण्याची काही अडचण नाही’ असं सगळे सांगतात, आणि ते खोटंही नसतं. इमारत भरली आणि दोन वर्षांचा आगाऊ निधी संपला की खरा आकडा समोर येतो. बिल्डरने परवानगी घेताना पाणी पुरवण्याचं हमीपत्र दिलं आहे का, त्याची प्रत मागा. बोअर किंवा टँकरचं पाणी असेल तर टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजा. पिण्याच्या पाण्यासाठी ५०० पर्यंत चांगलं मानतात. जड पाण्याने गिझरच्या कॉइलवर आणि नळांवर पांढरा थर बसतो. राहायला गेल्यावर आठवड्याने नळांच्या तोंडाची जाळी काढून धुवा, बांधकामाची वाळू तिथे अडकलेली असते.

सांडपाणी प्रकल्पाचंही असंच आहे. त्यातले जिवाणू सांडपाण्यावर जगतात. घरं भरलेली नसतील तर त्यांना पुरेसं खाद्य मिळत नाही आणि प्रकल्प नीट चालत नाही. खालच्या मजल्यांवर वास येतो. तुम्हाला त्रास कमी होईल, पण सोसायटी ताब्यात घेताना तो चालू स्थितीत घ्यायचा आहे, हे आताच मनात ठेवा. ५१ टक्के फ्लॅटचं बुकिंग झालं की तीन महिन्यांत सोसायटीची प्रक्रिया सुरू व्हायला हवी.

भाड्याबद्दल तुम्ही लिहिलंय, ‘पाण्यात जातात ते पैसे’. कर्जाचा हप्ता दोन्हीकडे सारखाच जाणार आहे, तो मोजू नका. प्रश्न फक्त जादा भाड्याचा. जूनपासून दसऱ्यापर्यंत चार-पाच महिने थांबलात तर ९६,००० ते १,२०,०००. नऊ लाखांच्या फर्निचरमधलं एखादं वॉर्डरोब आणि एक फॉल्स सीलिंग काढून पुन्हा करावं लागलं, तर हिशेब सरळ आहे.

तेव्हा माझं मत असं. मेच्या मध्यापर्यंत ओसी हातात आली, यादीतल्या मोठ्या त्रुटी दुरुस्त झाल्या आणि प्लॅस्टिकची चाचणी सासूबाईंच्या खोलीत कोरडी निघाली, तर मेअखेर राहायला जा, वर सांगितलेल्या थोडक्या सामानावर. घरात माणसं असतील, खिडक्या उघड्या राहतील, तर भिंती लवकर वाळतात, आणि पहिल्या पावसात पाणी कुठून येतं ते तुम्ही स्वतः बघाल. बंद घरात ते दिवाळीला कळतं. यांतली एक जरी गोष्ट राहिली, तर दसऱ्यापर्यंत भाडं चालू ठेवा. त्यासाठी घरमालकाला आजच विचारा. मुदतवाढीचा करारही नोंदवावा लागतो, आणि मे महिन्यात मालकाने नवा भाडेकरू ठरवला तर तुमच्या हातात काही उरत नाही. त्या काळात दर रविवारी कोणीतरी वाघोलीला जाऊन खिडक्या उघडा, ट्रॅपमध्ये पाणी घाला, जोराच्या पावसानंतर पश्चिमेच्या भिंतींचे फोटो काढा. सासूबाईंच्या डॉक्टरांना मात्र दोन्ही बाबतीत आधी विचारा. इमारतीत चहूकडे ड्रिलिंग आणि पीओपीची धूळ असेल, तर घर कोरडं असूनही त्यांनी महिनाभर दुसरीकडे राहिलेलं बरं.

मुलीच्या शाळेचा मुद्दा तुम्ही शेवटी लिहिलात, पण तो राहायला जाण्याच्या बाजूचा आहे. नव्या इमारतीत दोन वर्षं तरी शेजारी-वरती ठोकाठोक चालते. आत्ता गेलात, तर तिच्या दहावीपर्यंत ती बरीच ओसरलेली असेल. नगर रस्त्याची कोंडी धरून शाळेच्या वेळेला एकदा प्रत्यक्ष जाऊन बघा, रविवारी नव्हे.

राहायला गेल्यावर दोषांसाठी एकच ईमेल धागा ठेवा, प्रत्येक तक्रारीला तारीख आणि फोटो. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरची बोलणी पुढे कामाला येत नाहीत. तीस दिवसांत काही झालं नाही, तर आधी महारेराच्या सलोखा मंचाकडे जाता येतं, नाहीतर थेट तक्रार दाखल करता येते. आणि ताब्याच्या तारखेपासून साडेचार वर्षांनी फोनमध्ये एक आठवण लावून ठेवा: बाथरूम, खिडक्या, बाहेरच्या भिंती, खांब-तुळया पुन्हा एकदा नीट बघायच्या आणि शेवटची यादी पाच वर्षं पुरी व्हायच्या आत पाठवायची. गच्ची, डक्ट आणि पाण्याच्या टाक्यांची यादी सोसायटीने पाठवायची असते. ती जबाबदारी कोणाची, हे तेव्हाच्या सर्वसाधारण सभेत विचारायला विसरू नका.